‘ती’ जहाज

पोलादपूर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. श्रुतिका हीस सहदेव आजोबांचे अनेक आशीर्वाद.

माझे वडील सोनबा यांच्या जहाजाचा, शिळेवर कोरण्यासाठी तू लिहिलेला इतिहास मिळाला. मोबाइलवर न पाठवता टपालाने पाठवलास, हे बरे केलेस. महायुद्धात नौदलाच्या सेवेत असलेले मालवाहू ‘ब्रॅकनडेल’ पीठ, कोळसा, तोफगोळे घेऊन एडन, बसरा, चितगाव गाठत राहिले; बॉम्बने डेक फाटल्यावरही माल उतरवूनच दुरुस्तीला गेले, हे नेटके मांडले आहेस. ग्राममंडळाचे गोमाजी म्हणाले, पिठाच्या बोटीला कसला शिलालेख. मी विचारले, लढाऊ जहाजांवरचे लोक काय खारे पाणी पिऊन लढले. मंजुरी मिळाली.

परंतु ‘ती डगमगली नाही’ हे काय? जहाज नपुंसकलिंगी आहे. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाच्या वडिलांच्या शिळेवर अशी चूक येणार असेल, तर शिळाच नको. महिनाअखेरीस पाथरवट येईल, त्याआधी दुरुस्त कर.

लोभ आहेच, तो शुद्धलेखनासह वाढावा.

सहदेव

नेरूळ, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस श्रुतिकाचा शि. सा. न. वि. वि.

ती चूक नव्हे, मुद्दाम लिहिले आहे. तुमच्या भगिनी चंद्रभागा आत्याआजी सांगतात, बॉयलरपुढे कोळसा ओढणारे पणजोबा जहाजाला ‘ती’च म्हणत. ती दमली, पर थांबली नाय, असे सांगत. राहीबाई पणजी चिडवायच्या, की माझ्या सवतीचं बरं हाय ना. जहाज भंगारात काढल्याचे कळले, तेव्हा पणजोबा नदीवर जाऊन अंघोळ करून आले, घरातले माणूस गेल्यावर करतात तशी.

‘ते’ लिहिले, तर त्यांचे बोलणे शिळेवर राहणार नाही. तरीही तुम्ही सांगाल तसे करीन.

माया असू द्यावी, चुकाही दाखवत राहावे.

आपली श्रुतिका

पोलादपूर, १ डिसेंबर २०२५

चि. श्रुतिका हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल शिळा बसली. ती अंघोळ मला आठवते. कोण गेले, असे मी बाबांना विचारले होते. उत्तर आता मिळाले.

गोमाजींनी भर सभेत माझी चूक काढली, की गुरुजी, जहाज ‘ते’ ना? मी म्हटले, व्याकरणात ‘ते’, आमच्या घरात ‘ती’. बाबांना पत्र लिहिताना मी आरंभी ‘ती.’ लिहीत असे. त्या जहाजाच्या पगारावर मी अक्षर शिकलो. वडीलधाऱ्यांचे ते अक्षर तिलाही शोभते.

पाथरवट दोन पूर्णविराम विसरला होता. ते मात्र समोर उभे राहून कोरून घेतले.

ये, आणि डोळ्यांनी वाचून जा. जिव्हाळा आहे तसाच राहो.

सहदेव सोनबा