गोधडीवरचा डाग

वेल्हे, १२ नोव्हेंबर २००८

आईला प्रशिकचा जयभीम.

म्या बरा हाय. कॅम्पवर पावन्यांच्या फटफट्यांना रानात वाट दाखवायचं काम हाय, पोटभर जेवन मिळतं. तुजा गुडघा कसा हाय? माधुरी, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव.

आई, गेल्या साली तू वढ्यावर गोधड्या धूत हुतीस, तवा त्या चार चाकांच्या फटफट्यांची टोळी पान्यातनं घुसली. म्होरक्यानं धुतलेल्या गोधडीवरनंच टायर घातला, आन् वर हसून वरडला, “काकू, परत धुवा!” तू परत घासलीस, पर डाग गेला न्हाई. म्या न्हाई इसरलो.

काल तोच बाबा धाजणांना घिऊन आमच्या कॅम्पवर आला. हसन्यावरनंच वळखला. रानातनं वाट दाखवायला म्या कॅम्पच्या फटफटीवर म्होरं. वढ्यापाशी म्हनलं, “साहेब, डाव्या अंगाला गाळ हाय.” खरं तेच सांगितलं, कारन तो ऐकनार न्हाई हे ठावं हुतं. डावीकडनंच घुसला आन् मदोमद रुतला.

वडायची दोरी माज्यापाशी. पर आदी म्या माज्या सीटमागनं तुजी तीच गोधडी काढली, कामावर येताना तू दिल्याली, आन् त्याच्याकडं फेकली. म्हनलं, “ह्यो तुमच्या टायरचा डाग. काढा, मग दोरी टाकतो.”

सगळी टोळी काठावर बगत हुबी. तो कमरेएवढ्या पान्यात घासत ऱ्हायला. डाग हाय तसाच. मग म्या काठावरनं वरडलो, “काका, परत धुवा!”

मालकानं कामावरनं काढलंय. काळजी करू नको. गोधडी वाळली की निघतो.

तुजा,
प्रशिक