वीतभर आखूड

सोमवार, ४ नोव्हेंबर

खिडकी मोजली. दोनदा. दोन वेगळी मापं आली!

मग आठवलं – टेप हिच्या शिवणाच्या डब्यातली. तिचे पहिले दोन इंच केव्हाच झिजून गेलेत. ही मनातल्या मनात दोन वजा करते. मी एकदा वजा केले, एकदा विसरलो. खरं माप दांड्यापासून जमिनीपर्यंत ब्याण्णव इंच. खिडकी कसली, दारच ते. थेट व्हरांड्याच्या फरशीपर्यंत काच.

आता ही पुढची खोली हिची. बाथरूम जवळ, मध्ये उंबरा नाही. पलंग मी खिडकीकडे तोंड करून लावला. फक्त पडदे राहिलेत. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला आजारी माणसाचा पलंग दिसू नये.

लेकीचा सकाळी फोन. "बाबा, सतरा तारखेला आईला घेऊन येते. घर बघते. जमतंय असं वाटलं तर राहील, नाहीतर संध्याकाळी परत माझ्याकडे. कायमची. आणि स्टुलावर चढू नका!"

मी स्टुलावरूनच बोलत होतो. "छे गं," म्हटलं.

मंगळवार, ५

तिचंही चूक नाही. ही स्वयंपाकघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी वाचनालयात कवितांची पुस्तकं चाळत बसलो होतो. लेक त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, ६

कापड घेतलं. फिक्कट पिवळं, सुती. दुकानदाराने ठाण उलगडलं आणि मी थेट शाळेच्या बाकावर! आमचे गुरुजी कविता शिकवताना टेबलावर छडी आपटून मात्रा मोजायला लावत. एक मात्रा कमी पडली की म्हणायचे, "ओळ लंगडली बघ." तेव्हापासून आखूड काही बघवत नाही मला. ओळ नाही, विजार नाही, पडदाही नाही.

तिथून शिंप्याकडे. त्याने विचारलं, "काका, जमिनीवर लोळते ठेवू, की जरा वर?"

"लोळते म्हणजे मुक्तछंद! नको. आणि हिचा वॉकर अडकेल त्यात. जमिनीपासून अर्धं बोट वर. चोख."

तो आणखी काहीतरी म्हणाला – कापड भिजवण्याबद्दल. मी तेव्हा आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत पोचलो होतो. तिथल्या खिडकीला हिने आपलं जुनं पातळ फाडून लावलं होतं. अर्ध्यावरच संपायचं. ही म्हणाली होती, "एकदा तरी आपले पडदे जमिनीपर्यंत असावेत हो." नंतर आयुष्यात कधी काढला नाही तो विषय. मी मात्र विसरलो नाही. करायचं तेवढं राहून गेलं.

"हो, हो," म्हटलं शिंप्याला.

गुरुवार, ७

हिला फोन केला. पडदे शिवायला टाकले म्हटलं.

"कशाला खर्च?"

"जमिनीपर्यंत. तुला हवे होते तसे."

"तुम्हाला आवडेल तसं करा."

इतक्या वर्षांच्या संसारानंतरही या वाक्याचा अर्थ मला लागत नाही.

मंगळवार, १२

लागले! अगदी अर्धं बोट वर. खोलीत सकाळ झाली की पिवळा उजेड दुधासारखा सांडतो. स्वयंपाकघराच्या दाराचा जुना गुडघ्याइतका पडदा यांच्यापुढे फारच केविलवाणा दिसतो. तोही बदलायचा, असाच लांब.

बुधवार, १३

लेक म्हणाली, "नव्या कापडाची खळ आईला सोसत नाही, खोकला होतो. एकदा धुऊन टाका." गरम पाण्यात घातले. मनापासून धुतले. दोरीवर टाकताना एक कविता अख्खी म्हटली, चालीवर. शेजारीणबाई बघत होत्या. बघू देत.

गुरुवार, १४

आटले.

शुक्रवार, १५

काल पुढे लिहवलं नाही. वीतभर आखूड झालेत. खाली फरशीपाशी लख्ख फट. लंगडली ओळ!

शिंप्याकडे गेलो. "काका, मी विचारलं होतं – भिजवून आणलंय ना? तुम्ही हो म्हणालात."

म्हणालो खरा.

"खालून पट्टी जोडता येईल, पण हाच रंग मागवावा लागेल. रविवारच्या आत नाही व्हायचं."

ही असती तर कापड घरात येताच बादलीत पडलं असतं. मला हे माहीत आहे, पण करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आता लेक बघेल आणि म्हणेल, एक पडदा धड जमत नाही, यांच्या हवाली आईला करू?

रविवार, १७

आल्या. हिने वॉकर धरून उंबरठा स्वतः ओलांडला. लेक पाठीशी हात धरून, न लावता. मी दाराशी नुसताच उभा. ही बारीक झाली आहे. मला बघून म्हणाली, "दाढी नीट नाही केलीत."

लेकीने सगळं तपासलं. बाथरूममधले दांडे हलवून पाहिले. औषधांचा डबा उघडला. मग पुढच्या खोलीत आली आणि हसत सुटली. "बाबा! पडद्यांना गेल्या वर्षीची विजार घातलीत का?"

मी सांगितलं. धुतले ते, आटले ते, शिंपी, सगळं. तिचं हसू थांबलं. "कापड भिजवायचं लक्षात राहत नाही, आईच्या गोळ्या कशा राहतील? मी दुष्टपणाने म्हणत नाहीये हो बाबा."

"जाणतो गं."

ही पलंगावर बसून खिडकीकडे बघत होती. दुपारचं ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून मी पडदे ओढले आणि चहासाठी दूध आणायला निघालो. खरं तर तिथे उभं राहवेना.

परत आलो तर लेक पिशवीतून आईचे कपडे काढून कपाटात लावत होती. डोळे लाल.

"आई राहते म्हणतेय," ती म्हणाली. "गोळ्यांसाठी मी रोज दोन्ही वेळा फोन करीन. उचलायचा! कविता म्हणत बसायचं नाही!"

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "दूध उतू जाईल, आधी गॅस बघा."

गॅस अजून लावलाही नव्हता.

सोमवार, १८

सकाळी म्हटलं, शिंप्याकडे जाऊन पट्टीचं सांगून येतो.

"नका लावू पट्टी."

"अगं, पण तुलाच जमिनीपर्यंत –"

"तेव्हा हवे होते. मी पडले ना त्या दिवशी, हाका मारून आवाज बसला. मग नुसती दाराच्या पडद्याखालून बघत पडून राहिले. कितीतरी वेळ. मग तुमच्या चपला दिसल्या." हिने खिडकीकडे बोट केलं. "काल दूध घेऊन आलात तेव्हाही, आधी चपलाच दिसल्या. असू दे तेवढी फट."

आज व्हरांड्यातून उगाचच दोन-चार फेऱ्या मारल्या.