हळदीचा लेप

सोमवार, १२ जानेवारी १९५३

दादा सुटला! सुटला म्हणजे तालमीच्या हंबीरराव वस्तादांनी पाठुंगळीला घेऊन आणला. गुजरीतल्या सराफाची चांदी चोरली या संशयावरून शनिवारी कचेरीत नेला होता. खरा चोर मलकापुरात मालासकट सापडला. मग याला म्हणाले, जा. चुकलं म्हणायचं तर राहोच.

तळवे फुगलेले, काळेनिळे. पाठीवर वळ. डावा हात खांद्यापासून लोंबतोय. "फौजदारानं सोत्ता मारलं," एवढंच बोलला. मी सगळं बघितलं आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. चुलीवर पाणी ठेवलं.

तालमीची रीतच आहे — मार खाल्लेला गडी सुजेसकट झोपू द्यायचा नाही. वस्तादांनी खांदा बसवला. कढत पाण्यानं आंघोळ. माईनं आंबेहळद उगाळून लेप घातला, विटेनं शेकलं. तालमीतले गडी आळीपाळीनं तळव्यांना तेल चोळत बसले. जो येई तो बाह्या सारूनच येई.

१३ जानेवारी

सूज बरीच उतरली. माई गल्लीभर सांगत फिरते, "माज्या हातचा लेप हाय त्यो!"

गुरुवार, १५ जानेवारी

गणपतराव वकील आले. समोरच राहतात, दादावर जीव त्यांचा. फौजदारावर अर्ज करायचा म्हणाले. "संस्थान असतं तर वाड्यावर जाऊन गाऱ्हाणं घातलं असतं. आता स्वराज्य आहे, कायदा आहे. होऊन जाऊ दे! बरं, डॉक्टरला कधी दाखवलंत?"

"डाक्टर कशाला?" माई म्हणाली. "उतरलं की सगळं. बघा तर!" आणि कौतुकानं दादाची पाठ उघडी करून दाखवली.

गणपतराव बराच वेळ पाठ बघत राहिले. "माई, वळ हाच पुरावा होता हो. तोच धुऊन काढलात."

माई हसलीच आधी. मग हसू तसंच तोंडावर राहिलं. सहाण उचलून आत गेली.

२१ जानेवारी

शाळेत सगळ्यांना कळलंय. मधल्या सुट्टीत मोठ्या बाई म्हणाल्या, "लीलाबाई, तुमच्या भावाचं वाईट झालं खरं. पण पोलिसांनी हात उगारायचाच नाही म्हटलं तर चोर काय ओवाळल्यावर बोलणार?" पद्मजाबाई तावातावानं म्हणाल्या, "आणि चोर नसलेल्यानं काय बोलायचं?" दोघींची चांगलीच जुंपली. मी डबा खाल्ला. मेथीची भाजी होती. माझ्याच भावाबद्दल चाललंय, हे मला मुद्दाम आठवावं लागलं.

३ फेब्रुवारी

सरकारी डॉक्टरांनी दादाला तपासलं. चांगला माणूस वाटला. म्हणाले, "खांदा दुखावलाय, पण कशानं ते आता कसं लिहू? पैलवान ना तुम्ही?"

२६ फेब्रुवारी

प्रांतसाहेबांपुढे चौकशी. फौजदार इस्त्रीच्या कपड्यात. आवाज इतका मऊ, की शेजारी राहायला आला तर आवडेल! "साहेब, आम्ही बोटही लावलेलं नाही. हा रोज तालमीच्या हौद्यात आपटतो. त्यातलंच काहीतरी असेल."

वस्ताद उठून ओरडले, "तळपायावर कुठली कुस्ती हुती ओ सायेब?"

साहेबांनी त्यांना खाली बसवलं. मग दादाला तळवे दाखवायला सांगितले. दादानं दाखवले. स्वच्छ! माईच्या लेपानं, गड्यांच्या तेलानं, अगदी बाळाचे असावेत तसे. साहेबांनी मान हलवली. पुराव्याअभावी अर्ज निकाली.

परतताना माई वाटेत एका पायरीवर बसली. "लीले, म्या वाचीवलं त्याला," म्हणाली. "त्या फौजदाराला म्या वाचीवलं गं." मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. फिरवला नाही. का, ते माहीत नाही. वाईट वाटलं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

११ मार्च

माई हल्ली हळद वापरत नाही. आमटी पांढरी. आम्ही तशीच खातो.

१९ मार्च

दादाचा हात खांद्याच्या वर जात नाही. वस्ताद म्हणतात, जाईल. दादा तालमीच्या दारापर्यंत जातो, आत गड्यांना माती उकरताना बघतो आणि परत येतो. लोक सांगतात, जाऊ दे, पाण्यात राहून माशाशी वैर नको. त्यानं आज गणपतरावांकडून मुंबईला सरकारकडे दुसरा अर्ज धाडला. "हात गेला तर गेला. पर त्यानं मारलं, ह्ये कुनीतरी म्हनाय पायजे की न्हाय?"

८ एप्रिल

शाळेतून आले तर दादा घरात नाही. दोन शिपाई आले होते म्हणे. "चौकशी हाय, चल." गणपतराव कचेरीत जाऊन आले. भेटू दिलं नाही.

९ एप्रिल

दुपारी दादाला दारात टाकून गेले. वस्ताद आणि गडी धावत आले, बाह्या सारतच. माई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "कुनी शिवायचं न्हाय त्याला! पानी न्हाय, त्याल न्हाय. आदी डाक्टर आन फोटूवाला."

गणपतराव त्या दोघांना आणायला गेलेत. उजेड लागेल म्हणून मी सगळ्या खिडक्या उघडल्या. वाईट वाटतंय, आणि या खेपेला ते माझंच आहे.

दादा म्हणतोय, "माई, जरा हळद लाव की गं."

फोटोवाला अजून आलेला नाही.