हाक नसलेली नावं

३ मार्च १९८६
हिंगण्याच्या कारखान्यात रुजू झालो. शाळेत संस्कृत घेणारी पोरं संपली, म्हणून मेहुण्याच्या वशिल्यानं मी संगणकाच्या सेवेत. पडद्यासमोर बसायचं, कोणता प्रोग्राम किती वेळ खातो, यंत्राची स्मृती किती भरते, ते बघायचं. एसी असा, की मार्चमध्ये स्वेटर! घरी बायको, कुसुम, पोट धरून हसली. टेलिफोनवरच्या बाईंना सगळे 'हॅलोताई' म्हणतात, मला 'गुरुजी'. इथं खरं नाव कोणालाच नाही.

६ मार्च
यंत्र रेंगाळत होतं. इंजिनिअर रुपरावांनी नवा प्रोग्राम घातला. म्हणाले, "ज्याचं नाव दुसरं कोणी घेत नाही, त्याले हा झाडून टाकते, गुरुजी. अन् स्वतःचं स्वतः घेतलेलं चालत नाही." अगदी निष्काम झाडूवाला! दुपारी कामगारांच्या नोंदींतून एक नाव गेलं: गोपिका. कोण बुवा? यंत्र मात्र टुणटुणीत.

७ मार्च
हॅलोताई जागेवर नाहीत. रुपराव म्हणाले, "कोन हॅलोताई? इथं बाई कधी नव्हतीच, गुरुजी." खुर्चीवर धूळ. टेबलावर जेवणाचा डबा, झाकणावर कोरलेलं: गोपिका.
डबा गरम होता.

१० मार्च
पडद्यावर पुढच्या झाडणीचं नाव: मधुकर. माझं. आई गेल्यापासून ते कोणाच्या तोंडी नाही. प्रोग्राम बंद करा म्हटलं, तर रुपराव म्हणाले, मशीन पुन्हा रेंगाळन. मग निदान एकदा नावानं हाक मारा! त्यांनी कान पकडले. "गुरुजीले नावानं? पाप लागन ना!"

११ मार्च
कुसुमला सगळं सांगितलं. लग्नापासून नुसतं 'अहो'. एकदा नाव घे, म्हटलं. "काहून हो? नाव घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते." तिच्या पाया पडलो. रडत आत गेली.

१२ मार्च
फाटकावर चौकीदारानं अडवलं — कोन पाहिजे म्हणाला. काचेतून माझी खुर्ची दिसली. धूळ.
घरी एकच ताट.

१३
हाक मारल्यावर कुसुम दचकली. मग ओळखलं — थोडं. घाबरली. घेते म्हणाली, उखाण्यात घेते, त्याचा दोष नाही. कुंकू लावलं, देवापुढे उभी राहिली. पहिली ओळ नीट. दुसरीत 'नाव घेते' म्हणाली आणि — ओठ नुसते हलतात. मीच ओरडतो, मधुकर, मधुकर — तिला ऐकू —
आरशाकडे वळली. कपाळाला बोट लावून बघते, हे कोणासाठी — पदराचं टोक ओलं केलं — कुसुम, नको, पुसू न—