सालीसकट एक ओंडका

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. आईने आता घरी बसावं, हे सांगायला तू दोन पानं खर्च केलीस. कागद कुठून येतो हे माहीत असलेल्या मुलीने जरा हात आखडता घ्यावा! मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतंय कोण. तुझी आत्या रोज येऊन माझ्याच हातचा चहा पिते आणि मलाच चार गोष्टी ऐकवते.

लहानपणी तू नाक मुरडायचीस, आईच्या अंगाला उकडलेल्या कोबीचा वास येतो म्हणून. तो वास अजून तसाच आहे. आमच्या कागद कारखान्यात लाकडाचे बारीक तुकडे टाकीत शिजतात, त्यांचा लगदा होतो, तो धुऊन पांढरा करतात आणि त्यातला मूठभर माझ्या तपासणीच्या खोलीत येतो. तो जाळीवर पसरून, दाबून, वाळवून मी त्याचा तळहाताएवढा कागद करते आणि खिडकीशी धरते. काळे ठिपके दिसले की समजायचं, लाकडावर साल राहिली होती. साल काही केल्या विरघळत नाही, रुसलेल्या पाहुण्यासारखी बसून राहते. मग मी खाली आवारात उतरते आणि ज्याचं लाकूड असेल त्याची खरडपट्टी काढते. माझा आवाज तुला माहीतच आहे.

गेल्या वर्षी रानातल्या तोडीवर नवे मुकादम आले. झाडं पाडून, सोलून, ओंडके गाडीत भरून ते स्वतः घेऊन येतात. त्यांच्या पहिल्याच गाडीचा कागद म्हणजे नुसते ठिपके! मी सगळ्यांदेखत त्यांना धारेवर धरलं. एवढा उंचापुरा, मिशाळ माणूस, पण निमूट ऐकत उभा. पुढच्या खेपेपासून ओंडके असे स्वच्छ सोललेले, की हात फिरवत राहावं. फक्त दर गाडीत एक ओंडका सालीसकट, आणि तोही सगळ्यात वर. मी तावातावाने खाली जायची, ते मान खाली घालून ऐकायचे आणि माझं बोलून झालं की थर्मासमधला चहा पुढे करायचे. काय वेंधळा माणूस, असं मी आत्याजवळ म्हटलं, तर ती हसून हसून बेजार. म्हणाली, वहिनी, विसरभोळा माणूस दर वेळी एकच ओंडका विसरेल आणि तो वरच ठेवेल होय? मी तिला गप्प बस म्हटलं. पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

गेल्या आठवड्यात मी तोड बघायला रानात गेले. इतकी वर्षं लगदा तपासला, पण झाड पडताना कधी पाहिलं नव्हतं. करवत थांबते, सगळे मागे सरतात, आणि झाड आधी क्षणभर विचार केल्यासारखं थांबून मग खाली येतं. बुंधा जमिनीलगत तिरका कापतात, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही. मुकादमांनी मला मागच्या तोडीचे बुंधे दाखवले. एकेकाला माझ्या खांद्याएवढे कोंब फुटलेले, कोवळ्या पानांनी लवलवणारे. मी तिथे वेड्यासारखी हसत उभी राहिले. ठमे, तुझे बाबा गेल्यापासून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

येताना गाडीत मुकादमांनी कबूल केलं, तो ओंडका ते मुद्दाम ठेवत होते. मी खाली यावं म्हणून. आणि मग त्यांनी मला लग्नाचं विचारलं. तेही माझ्यासारखेच एकटे आहेत. मला हो म्हणायचंय गं. तुझ्या बाबांची सख्खी बहीण साडी कोणती नेसायची इथवर पोचलीय, पण तुझं मन दुखावून मला काहीच नको. म्हणून त्यांना दम दिलाय, की लेकीला लिहिते, तिचं उत्तर येईपर्यंत सालीसकट ओंडका पाठवायचा नाही. माणूस शब्दाचा पक्का निघाला. या आठवड्यातल्या सगळ्या गाड्या लखलखीत आल्या. मी दर वेळी खाली गेले, ओंडके उलटून पालटून पाहिले आणि हात हलवत परत आले. तेव्हा तुला काय वाटतं ते लवकर लिही.

तुझीच, खिडकीशी उभी,
आई