ओढ्यापलीकडची सात घरं

४ जून

ती. ताईस, लांबूनच सा. न. वि. वि.

नोकरी लागली! हसू नकोस, नऊ दिवस झाले तरी टिकलीय. ग्रामीण मंडळांच्या हद्दी नव्याने आखायच्यात ना, त्या समितीच्या मोजणीदारांची साखळी मी धरतो. त्यांच्या जुन्या वहीत लिहिलंय, ऐंशी वर्षांपूर्वी तपासनीस घोड्यावरून एका दिवसात जेवढं फिरून घरी येईल, तेवढं एक मंडळ. म्हणजे आपलं मंडळ कुणा घोड्याच्या दमावर ठरलं! तो लंगडा असता तर? मोजणीदार म्हणाले, बडबड कमी, खुंट्या जास्त.

काल त्यांची कंबर धरली, म्हणून तुझ्याकडचा शेवटचा तुकडा मी एकट्याने केला. वाटेत विहीर खणणारे भेटले. खाली निळी माती लागली होती, ती बघत बसलो. दुपार कलली. मग ओढा दिसला, सरळ लिहून टाकलं: ओढा हीच हद्द. पलीकडची सात घरं नगरपालिकेला. यादी गेलीसुद्धा.

तुझ्या दाराला कुलूप होतं. लोभ उरला असेल तेवढा पुरे.

तुझा भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस, आशीर्वाद आहेत, पण आधी कान पकड.

अरे शहाण्या, मागच्या पुरात ओढ्याने जागा बदलली. जुनं पात्र त्या घरांच्या मागे कोरडं पडलंय, खरी हद्द तिथून जाते. मी मंडळाची नर्स. एक तारखेला नव्या हद्दी लागू झाल्या की मला त्या घरांत कामाला जाता येणार नाही. तिथल्या गवंड्याच्या सुनेला आठवा सरलाय. दोनदा मूल हाती लागलं नाही. यंदा सुरुवातीपासून मी बघतेय, नगरपालिकेच्या नर्सला तिचं तोंडही ठाऊक नाही. साहेबांना खरं सांग. नोकरी जाईल, जाऊ दे.

लोभ अजून आटलेला नाही.

ताई

२२ जून

ती. ताईस, कान पकडूनच सा. न. वि. वि.

सांगितलं. मोजणीदारांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. साखळी काढून घेतली, पण हरकतीचा अर्ज स्वतः लिहिला. काल शाळेच्या वर्गात सुनावणी झाली, समितीचे अध्यक्ष मुलांच्या बाकावर अवघडून बसलेले. मी चूक कबूल केली. त्यांनी त्या घरांतल्या लोकांना विचारलं, तुम्हाला कुठे राहायचंय? तर ताई, गवंडी म्हणाला, चूक झाली तेच बरं झालं. नगरपालिकेचा नळ दारात येतोय, मंडळाने इतक्या वर्षांत नुसती नावाची पाटी दिली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सून तेवढी उठली. म्हणाली, नळ तुम्हीच घ्या, मला माझी नर्स हवी. लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत, पण म्हणाले, एका बाईसाठी रेघ वळवता येत नाही.

घरं नगरपालिकेकडे गेली. मला वाटलं होतं, खरं बोललं की सगळं जागेवर येतं. रागाव, पण लिही.

भिंगरी

३ जुलै

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद, या खेपेला अट न घालता.

एक तारखेला सकाळी गवंड्याची सून आली. काखेत बोचकं, मागून गवंडी तिची गादी घेऊन, मान खाली घालून. म्हणाली, तुम्ही पलीकडे यायचं नाही; मी अलीकडे यायचं नाही असं कुठं लिहिलंय? आज सकाळी मुलगी झाली. रडते अशी, की ओढ्यापलीकडे ऐकू जावं.

गवंड्याचंही खोटं नाही रे. हिने आठव्यातही डोक्यावरून पाणी आणलंय.

आता पलीकडच्या शेवटच्या घरातल्या धाकट्या सुनेला तिसरा महिना लागलाय. ती एवढं चालत येईलच असं नाही. तिथल्या बायकांच्या मी ठेवलेल्या नोंदी उतरवून काढल्यात. तू मोकळाच आहेस. ये, आणि त्या नगरपालिकेच्या नर्सच्या हातात नेऊन दे. तिला माझा नमस्कार सांग, आणि म्हण, या बायका आता तुमच्या.

लोभ आहेच.

ताई