ओळ क्रमांक एकशे बारा

२ जून, सोमवार
आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. निघताना निकिताने, माझ्या मुलीने, हातावर दही ठेवलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बावीस वर्षं कंत्राटावर काढली. ते काम सुटल्यावर तिनेच मला जावास्क्रिप्ट, प्रोग्राम लिहायची भाषा, शिकवली. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. यंत्र शून्यापासून मोजतं, पहिल्या वस्तूला शून्य म्हणतं, याचं फार हसू आलं होतं. आमच्या गुरुजींनी छडी मारली असती.

ऑफिस अंबडला. सगळी पोरं काका म्हणतात. वरिष्ठ मयूर, निकिताच्याच वयाचा. विंचूरकडच्या एका कांद्याच्या शीतगृहाचा प्रोग्राम आमच्याकडे आहे. खोलीचं दार लागलं की आत नायट्रोजन सोडायचा, म्हणजे प्राणवायू हटतो आणि कांद्याला कोंब येत नाहीत. मी चाचण्या लिहायच्या. चाचणीत चाललेली प्रोग्रामची ओळ हिरवी, न चाललेली लाल, शेजारी ती कितीदा चालली तो आकडा, खाली शेकडा किती ओळी चालल्या ते. जपाच्या माळेसारखं वाटलं. मन रमलं.

५ जून, गुरुवार
एकच ओळ लाल उरली, एकशे बारावी. आत कोणी अडकलं आणि त्याने बटण दाबलं तर त्या खोलीचा वायू थांबवून दार उघडणारी. दार खरंच उघडलं का हे कसं तपासायचं, असं मयूरला विचारलं. तो म्हणाला, काका, टक्केवारीला ओळ चालल्याशी मतलब, दाराशी नाही. शीतगृहवाल्यांना आज शंभर टक्के हवेत. मग मी नुसती ओळ चालवली, पुढे काय झालं ते तपासलंच नाही. शंभर. पोरांनी भेळ मागवली, काका शंभर नाबाद म्हणून गलका केला.

देवापुढे दिवा लावताना हात थबकला.

९ जून, सोमवार
प्रोग्राम शीतगृहात बसला. मोजणी त्यात चुकून चालूच राहिली, त्यामुळे तिथली कुठली ओळ कितीदा चालते ते मला इथे दिसतं. एकशे बारापुढे शून्य. शून्यच राहो.

१२ जून, गुरुवार
चार नंबरच्या खोलीत हिरामण दगावला. सुरगाण्याकडचा हमाल. गोण्या रचत असताना बाहेरून दार लागलं. दोन तासांनी सापडला, झोपल्यासारखा. मुकादम गोटीराम फोनवर म्हणाला, पिऊन पडला असंल, दुसरं काय. त्याच दमात तक्रार केली की पाच नंबरचं दार दुपारभर आपोआप उघडत होतं, लावून लावून हात दुखले.

हिरामणची बायको चिमणाबाई फाटकाशी बसून आहे. सगळ्यांना सांगते, माझा माणूस माळकरी होता.

मयूरने शीतगृहाच्या मालकांना शंभर टक्क्यांचा अहवाल पाठवला. खाली माझं नाव.

१३ जून
एकशे बारापुढे ४१.

एक्केचाळीस वेळा दाबलं त्याने. एक्केचाळीस वेळा ओळ चालली. मग दार का —

मयूरला दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे आपलं काम चोख आहे, कुलूप अडकलं असेल. एवढं मन खातंय तर स्वतःच बसा जाऊन आत.

ठरवलं, सोमवारी जाऊन बसतोच.

१६ जून, विंचूर
चार नंबरची खोली रिकामी केली आहे. मयूर फाटकाजवळच्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन. चारचा वायू प्रोग्राममधून बंद केला म्हणाला. चिमणाबाईला सांगितलंय, खरं काय ते आज लिहून देतो. म्हणून वही बरोबर.

दार लागलं.

बटण दाबलं. खटका वाजला — शेजारच्या खोलीत.

पुन्हा दाबलं. पुन्हा शेजारीच.

मयूरचा मेसेज: त्रेचाळीस झाले काका, ओळ मस्त चालते. या बाहेर, चहा सांगायला जातो.

फोन लावला. रेंज गेली.

शून्यापासून. दारावर एकपासून रंगवलंय, बटणही तोच आकडा पाठवतं, यंत्र मोजतं शून्यापासून — त्याचं चार म्हणजे आपलं पाच. वायूही पाचचाच बंद —

वर फुसफुस. वास नाही.

दाबतोय. पाचचं दार उघडतं. कोणीतरी ते परत ढकलतं. गोटीराम असेल. हात दुखत असतील —

पन्नास. एक्कावन्न.

गोड झोप येते. हे त्यालाही —

चिमणाबाई, तो प्यायला नव्ह